कुरोसावाचा 'हाय अँड लो' पहिल्यांदा बघताना: पायरी पायरीनं खाली

हा सिनेमा मी पहिल्या खेपेला अर्धवट सोडला होता. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मांडीवर लॅपटॉप, आणि पडद्यावर कोट-टाय घातलेली चार माणसं एका दिवाणखान्यात बुटांच्या कंपनीवरून हुज्जत घालतायत. मी लावला होता अपहरणाचा थरारपट. अर्धा-पाऊण तास झाला तरी कॅमेरा घराचा उंबरठा ओलांडायला तयार नाही. जांभई दिली, लॅपटॉप मिटला, आणि 'जुन्या लोकांना काय आवडेल सांगता येत नाही' असं मनाशी म्हणून झोपलो.

दोनेक वर्षांनी एका मित्राकडे पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून तोच सिनेमा संध्याकाळी बघितला. ज्या तासाला मी झोपायला गेलो होतो, तो तास संपेपर्यंत खोलीतल्या पाच जणांपैकी कुणी पाण्यालाही उठलं नाही. सिनेमा तोच होता. माझी बघण्याची पद्धत चुकली होती.

'थोर आहे, बघच' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कसा बघायचा ते कुणी सांगत नाही. म्हणून ही यादी, नवख्या प्रेक्षकासाठी.

पहिली पायरी: आधी एवढंच माहीत असू द्या

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा हा सिनेमा १९६३ चा, तोहो कंपनीचा, कृष्णधवल, १४३ मिनिटांचा. जपानी नाव 'तेन्गोकु तो जिगोकु', म्हणजे 'स्वर्ग आणि नरक'. इंग्रजीत त्याचं 'हाय अँड लो' झालं. 'वर आणि खाली' हेही वाईट नाव नाही, कारण सगळी गोष्ट योकोहामातल्या एका टेकडीवरून खालच्या वस्तीत उतरत जाते. कथेचा मूळ पेच एड मॅकबेन या अमेरिकी लेखकाच्या १९५९ च्या 'किंग्ज रॅन्सम' या पोलिसी कादंबरीतून घेतलेला आहे.

आता तो पेच. किंगो गोंडो हा बुटांच्या कंपनीतला वरिष्ठ अधिकारी. सोळाव्या वर्षी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेला, हातानं बूट शिवत वर आलेला. कंपनीचा ताबा मिळवण्यासाठी त्यानं राहत्या घरासकट सगळं गहाण टाकलंय. ओसाकाला पाच कोटी येन पाठवले की शेअरचा सौदा पक्का आणि कंपनी त्याच्या हातात. त्याच संध्याकाळी फोन येतो: तुझा मुलगा आमच्याकडे आहे, तीन कोटी येन दे. गोंडो क्षणाचाही विचार न करता कबूल होतो. आणि इतक्यात त्याचा मुलगा जुन खेळता खेळता घरात येतो. दोघा पोरांनी चोर-शिपायाच्या खेळात कपडे बदललेले असतात. उचलून नेलेला मुलगा आहे शिनइची, ड्रायव्हरचा.

पैसे गेले तर गोंडो रस्त्यावर. न दिले तर दुसऱ्याचं पोर जाणार. त्यात अपहरणकर्त्याला चूक कळल्यावरही तो मागे हटत नाही. पोर कुणाचंही असेना, पैसे तूच देणार, हे त्याचं गणित.

ही रक्कम किती, याचा अंदाज असला की पुढचा तास नीट बोचतो. तेव्हा डॉलरला ३६० येन हा ठरलेला दर होता आणि आपला रुपया डॉलरला ४ रुपये ७६ पैसे. म्हणजे तीन कोटी येन हे त्या वेळचे सुमारे चार लाख रुपये. १९६३ चे चार लाख. आजीला विचारून बघा त्यात काय काय आलं असतं.

दुसरी पायरी: प्रत, पडदा, वेळ

मोबाइलवर बघू नका. हे नाक वर करून सांगत नाही, कारण अगदी व्यावहारिक आहे. हा सिनेमा अतिरुंद चौकटीत चित्रित केलाय, रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त. एका चौकटीत आठ-नऊ माणसं उभी असतात आणि महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा कडेला घडते. पाच इंची पडद्यावर ती कडेची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. टीव्ही असेल तर टीव्ही, नाहीतर लॅपटॉप जवळ ओढून, दिवे बंद करून. पडदा पूर्ण भरावा म्हणून दोन्ही बाजू छाटलेली प्रत मिळाली तर तिला हातच लावू नका. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की समजा, प्रत बरोबर आहे.

भाषा जपानी ठेवा, खाली इंग्रजी अक्षरं. डब केलेलं काही सापडलं तरी नको. तोशिरो मिफुनेचा आवाज हा अर्धा गोंडो आहे.

अडीच तास सलग नसतील तर तोडायची जागा एकच: साधारण पंचावन्नाव्या मिनिटाला, रेल्वे सुरू होण्याच्या आधी. मात्र तिथे पोहोचल्यावर बंद करणं जमणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तिसरी पायरी: चेहरे ओळखून ठेवा

जपानी नावं सवयीची नसतात आणि पहिल्या वीस मिनिटांत सगळे सूटमध्ये असतात, त्यामुळे गोंधळ होतो. सहा जण पुरेत. गोंडो, म्हणजे मिफुने: मिशीवाला, रागीट, खोलीत वाघासारखा फिरणारा. रेइको, त्याची बायको: श्रीमंत घरातून आलेली, मुलाला वाचवा म्हणून पहिल्यापासून ठाम. कावानिशी, त्याचा सेक्रेटरी: उजवा हात, ज्याच्यावर नजर ठेवा. आओकी, ड्रायव्हर. तोकुरा, तपास अधिकारी: तात्सुया नाकादाई, उंच, शांत. आणि तोकुराचा टकला, जाडजूड साथीदार तागुची, ज्याला सगळे 'बोसन' म्हणतात. सातवा माणूस बराच वेळ फक्त फोनवरचा आवाज असतो.

चौथी पायरी: तो खोलीतला तास

खरी अडचण इथे असते आणि सिनेमाचा मोठेपणाही इथेच आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिला जवळजवळ तासभर आपण गोंडोच्या दिवाणखान्याबाहेर पडत नाही. हे नाटकाचं चित्रीकरण आहे असं वाटण्याची शक्यता असते, विशेषतः आपल्याला, नाटकं बघत वाढलेल्यांना. पण रंगमंचावर तुम्ही कुठे बसलात ते ठरलेलं असतं. इथे कुरोसावा तुमची खुर्ची सतत हलवतो, तुम्हाला न कळू देता. तो एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून लांबच्या लांब प्रसंग सलग चित्रित करायचा. नटांना कुठला कॅमेरा आपल्याकडे बघतोय याचा पत्ता नसे, त्यामुळे मागे उभा असलेला माणूससुद्धा अभिनय थांबवत नाही. त्या मागच्या माणसांकडे बघायला शिका.

संवाद वाचून झाले की नजर लगेच तीन गोष्टींवर न्या.

एक, कोण किती उंच आहे. बसलेला, उभा, वाकलेला, गुडघ्यावर आलेला. आओकी आपल्या पोरासाठी मालकापुढे जमिनीला डोकं टेकतो तेव्हा बाकीचे कुठे बघतायत ते पाहा. कुणीच आओकीकडे बघत नाही. कुणाची नजर जमिनीवर, कुणाची भिंतीवर. एका माणसाची लाचारी आठ माणसांना कशी सहन होत नाही, हे एका चौकटीत, एकही शब्द न बोलता दिसतं.

दोन, गोंडोची पाठ. मनात काही हललं की हा माणूस लोकांकडे पाठ करतो आणि चौकटीच्या टोकाला जाऊन उभा राहतो. मधली जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा म्हणजे तीन कोटी येन, असं मला दर वेळी वाटतं.

तीन, पडदे. खिडकीच्या पडद्यांबद्दल बोलतोय. टेकडीवरच्या त्या घराला भलीमोठी काच आहे आणि खाली सगळं योकोहामा पसरलेलं. सुरुवातीला ते वैभव वाटतं. मग अपहरणकर्ता फोनवर सांगतो की खालून मला तुझं घर दिसतंय, आणि ती काच अचानक उलटी फिरते. श्रीमंताला शहर दिसावं म्हणून बसवलेल्या खिडकीतून शहर श्रीमंताला बघायला लागतं. पडदे उघड म्हणून तो दरडावतो, तेव्हा खोलीतल्या पोलिसांना जमिनीवर लोळण घ्यावी लागते. शिकलीसवरली, पिस्तूलवाली माणसं सोफ्याआड सरपटतायत, कारण खाली एक अनोळखी माणूस उकाड्यात घामाघूम होऊन वर बघतोय. तू वातानुकूलित घरात बसलायस, इथे नरक आहे, असं तो बोलूनही दाखवतो.

या तासात गोंडो चांगला माणूस आहे का, हे ठरवण्याची घाई करू नका. सुरुवातीचा एक बारका प्रसंग लक्षात ठेवा: पोरगा बंदूक घेऊन खेळतोय आणि बाप त्याला शिकवतोय की पळत सुटू नकोस, दबा धरून हल्ला कर. बायकोला ते आवडत नाही. हा त्याचा व्यापारी बाणा. त्याच माणसानं थोडं आधी कंपनीच्या लोकांसमोर स्वस्तात काढलेला बायकांचा बूट हातानं टराटरा फाडून दाखवलेला असतो, कारण असला माल त्याला बघवत नाही. निर्दय आणि प्रामाणिक, एकाच अंगात दोन्ही. पुढे तो जे करतो ते या दोन्हींतून येतं. सज्जनपणाच्या झटक्यात त्यानं पैसे दिले असते तर हा सिनेमा साठ वर्षं टिकला नसता. तो नाही म्हणतो, चिडतो, हिशोब मांडतो, बायकोशी भांडतो, रात्र जागून काढतो. ज्याच्या घरात आग नाही त्यानं पाणी किती ओतायचं, हा त्याचा प्रश्न, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आपलाही. मला त्या तासात दोनदा वाटलं की देऊ नये त्यानं पैसे. असं वाटलं याची लाज वाटली, आणि तिथे सिनेमानं मला पकडलं.

तासाच्या शेवटी एक प्रसंग आहे, तो चुकवू नका. पोलिसांना पैशांच्या बॅगांमध्ये एक पूड लपवायची असते, बॅग जाळली तर रंगीत धूर निघेल अशी. चामड्याचं अस्तर उसवून पुन्हा शिवायचं काम. गोंडो आपली शिकाऊ असतानाची हत्यारांची जुनी पेटी काढतो, जमिनीवर बसतो आणि स्वतः शिवायला घेतो. कोट्यधीश मोची होतो. पोलीस गप्प उभे राहून बघतात. या माणसाचं सगळं जाणार आहे हे त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाला कळलेलं असतं, आणि त्याचे हात मात्र पहिल्यांदाच शांत दिसतात.

(इथून पुढे कथा उघड होत जाते. सिनेमा अजून पाहिला नसेल तर इथे थांबा, बघा, मग परत या.)

पाचवी पायरी: रेल्वे

खोलीतल्या स्तब्ध तासानंतर कुठलीही सूचना न देता आपण धावत्या गाडीत. कानावर एकदम खडखडाट. पहिल्यांदा बघताना मी अक्षरशः दचकलो.

ही गाडी 'कोदामा' एक्सप्रेस. पुष्कळ जण तिला बुलेट ट्रेन म्हणतात, ते चूक आहे. शिन्कान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, सुरू झाली ऑक्टोबर १९६४ मध्ये, सिनेमानंतर दीड वर्षानं. ही त्याआधीची, जुन्या तोकाइदो मार्गावरची तोक्यो-ओसाका गाडी. पण जलद गाडी, खिडक्या बंद. अपहरणकर्त्याची युक्ती त्यातच आहे: डब्यातल्या खिडक्या उघडत नाहीत, फक्त स्वच्छतागृहाची खिडकी सात सेंटीमीटर उघडते, म्हणून बॅगा सात सेंटीमीटरपेक्षा जाड नकोत. गाडीत फोन येतो, नदीवरच्या पुलाजवळ मुलगा दिसेल, तो बघ आणि पूल ओलांडताच बॅगा फेक. गाडीत भरलेल्या पोलिसांना उतरता येत नाही, थांबवता येत नाही, फक्त छोट्या कॅमेऱ्यांनी खिडकीतून चित्रण करता येतं.

प्रसंग पाच-सहा मिनिटांचा. खऱ्या गाडीत, अनेक कॅमेरे लावून चित्रित केलेला. रुळाकडेच्या एका घराचा वरचा मजला आड येत होता म्हणून तो उतरवून घेतला, अशी आख्यायिका सांगतात; कुरोसावाबद्दल असल्या कथा ऐकल्या की अविश्वास दाखवायचा धीर होत नाही.

तंत्राचं कौतुक दुसऱ्या खेपेला करा. पहिल्या खेपेला फक्त मिफुनेच्या चेहऱ्याकडे बघा. पैसे फेकून झाल्यावर हा माणूस तोंड धुतो. बस, एवढंच.

सहावी पायरी: पोलिसांचा कंटाळवाणा तपास, जो कंटाळवाणा नाही

मूल परत येतं आणि कथेची गाडी बदलते. आता नायक कोण? गोंडो मागे पडतो, पोलीस पुढे येतात. नवख्या प्रेक्षकाचा दुसरा अडथळा इथे असतो: एक लांबलचक बैठक, जिथे एकेक तुकडी उभी राहून आपण काय शोधलं ते सांगते. उकाडा, पंखे, घामेजलेले सदरे, हातातल्या कागदानं वारा घेणं.

कंटाळा येण्याआधी एक खेळ करा. प्रत्येक अहवालात एक धागा असतो. कुठला धागा पुढे लागेल आणि कुठला वाया जाईल, ते ओळखायचा प्रयत्न करा. पुष्कळ वाया जातात. खऱ्या तपासात तसंच होतं, आणि सिनेमावाले सहसा तेवढं दाखवत नाहीत. मला सगळ्यात आवडतो तो फोनच्या ध्वनिमुद्रणातला गाडीचा आवाज. पोलीस तो रेल्वेतल्या माणसाला ऐकवतात आणि तो सांगतो, ही एनोदेन, म्हणजे कामाकुराजवळची ती छोटी विद्युत रेल्वे. आपल्याकडे लोकलच्या नुसत्या भोंग्यावरून हार्बर की वेस्टर्न सांगणारे काका असतात ना, तसा माणूस. शिनइचीनं काढलेलं चित्र, समुद्र आणि फुजी पर्वत, तोही असाच एक धागा.

मधे दोन शिपाईगडी खालच्या वस्तीत सार्वजनिक फोनच्या खोक्यांतून वर बघत फिरत असतात. त्यातला एक टेकडीवरच्या घराकडे बघून सहज बोलतो की खरंच, हे घर डोळ्यांत खुपतं, आपल्याकडे वरून बघतंय असं वाटतं. पोलिसाच्या तोंडून गुन्हेगाराची भावना. कुरोसावा असल्या वाक्यांवर थांबत नाही, पुढे जातो. तुम्ही थांबा.

आणि मग तो धूर. इतका वेळ काळं-पांढरं बघितलेल्या डोळ्यांना शहराच्या धुराड्यातून निघालेला गुलाबी धूर दिसतो. अख्ख्या सिनेमात रंग एवढाच. बॅगा जळल्या. गोंडोनं स्वतःच्या हातांनी शिवलेल्या बॅगा. तो रंग बघून आपल्याला हायसं वाटतं, आणि धूर मात्र आकाशात एखाद्या जखमेसारखा रेंगाळतो.

सातवी पायरी: नरक, आणि माझी तक्रार

गुन्हेगार ताकेउची, रुग्णालयातला शिकाऊ डॉक्टर. त्सुतोमू यामाझाकीची ही सुरुवातीच्या काळातली भूमिका, आणि त्याचा थंड, चिरेबंदी चेहरा डोक्यातून जात नाही. त्याला आपण पहिल्यांदा पाहतो ते घाणेरड्या कालव्याच्या पाण्यातल्या प्रतिबिंबात.

पोलिसांना तो लवकर सापडतो, तरी ते त्याला पकडत नाहीत. कारण सांगतात ते सरळ: नुसत्या अपहरणाला फार तर पंधरा वर्षं. त्यानं आपल्या साथीदारांना शुद्ध हेरॉइन देऊन मारलंय, पण ते सिद्ध करायला तो पुन्हा तेच करताना सापडला पाहिजे. म्हणून सापळा. साथीदार जिवंत आहेत असं भासवणारी चिठ्ठी पाठवली जाते, आणि पोलीस मागावर राहतात. ताकेउची हेरॉइनची ताकद तपासायला व्यसनींच्या गल्लीत जातो, एका बाईला देतो, ती मरते. पोलीस जवळच असतात.

सिनेमाच्या चाहत्यांशी माझं इथे पटत नाही. ती व्यसनींची गल्ली मला आजही जरा अतिनाट्यमय वाटते. माणसं भुतांसारखी भिंतींना टेकून तळमळतायत, जणू खालच्या वस्तीत दुसरं काही घडतच नाही. टेकडीवरच्या माणसाला कुरोसावानं एक तास दिला, आणि त्या बाईला एक मिनिटही नाही. तिच्या मरणाचा हिशोब पोलीस मागत नाहीत, सिनेमाही जेमतेम मागतो. कुणी म्हणेल, तेच तर दाखवायचंय. असेल. मला तिथे दिग्दर्शक स्वतःच टेकडीवरून खाली बघतोय असं वाटतं, आणि एवढ्या मोठ्या सिनेमात ती एक फट मला आवडत नाही. तुम्ही बघून ठरवा. थोर म्हटलेल्या गोष्टीत फट शोधायला काही हरकत नसते.

एक मात्र खरं: शिक्षा कमी असण्याचा मुद्दा कल्पित नव्हता. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, जपाननं दंडसंहितेत खंडणीसाठीच्या अपहरणाचं वेगळं, कडक कलम घातलं.

त्याच भागात एक प्रसंग मात्र निव्वळ अप्रतिम. रात्री गोंडो बाजारातून चाललाय, बुटांच्या दुकानाच्या काचेशी थबकतो. ताकेउची त्याला ओळखतो, जवळ जातो आणि सिगरेटसाठी काडी मागतो. गोंडो देतो. त्याला माहीत नाही समोर कोण आहे. पाळतीवरचे पोलीस श्वास रोखून बघतायत. वरचा आणि खालचा पहिल्यांदा एका उंचीवर, बुटांच्या उजेडात, आणि दोघांच्या मधे फक्त आगकाडीची ज्योत.

आठवी पायरी: काच

शेवटी फाशी ठरलेला ताकेउची गोंडोला भेटायला बोलावतो. मधे जाळी आणि काच. या वेळेला गोंडोचं घर, पद, सगळं गेलेलं असतं. तो एका छोट्या कारखान्यात पुन्हा बूट करतोय.

कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चेहरा काचेतून येऊन बसतो. ताकेउची सांगतो की माझी खोली हिवाळ्यात गोठायची, उन्हाळ्यात भाजायची, आणि तिथून तुझं घर स्वर्गासारखं दिसायचं. तेवढंच कारण. तो हसायला बघतो, हात थरथरतात, आणि मग त्याला काय होतं ते मी लिहीत नाही. लोखंडी शटर धाडकन खाली येतं. गोंडो आपल्याच प्रतिबिंबासमोर बसलेला राहतो.

'असं का केलंस' याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही म्हणून काहींना शेवट अपुरा वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. आता वाटत नाही. त्या दोघांत एकमेकांना उत्तर देऊ शकेल असं कुणी नाही, आणि गोंडोला ते कळलंय हे मिफुनेच्या खांद्यांवरून दिसतं.

नववी पायरी: मग 'इनकार' लावा

हा भाग खास मराठी वाचकांसाठी. १९७७ मध्ये राज सिप्पींनी याच गोष्टीवर हिंदीत 'इनकार' केला. पोलीस अधिकारी विनोद खन्ना, गुन्हेगार अमजद खान, आणि मिफुनेच्या जागी उद्योजक म्हणून आपले डॉ. श्रीराम लागू. हो, लागू. मिफुनेचा राग त्यांच्याकडे वेगळ्या वाटेनं येतो: आवाज खाली, जबडा घट्ट. दोघांची तुलना करायला ती एक भूमिकाच पुरेशी आहे.

आणि 'मुंगळा' गाणं, उषा मंगेशकरांच्या आवाजातलं, हेलनवर चित्रित झालेलं, ते याच सिनेमातलं. गणपतीच्या मिरवणुकीत ज्यावर नाचलात त्या गाण्याचं मूळ घर कुरोसावाच्या टेकडीवर निघावं, याची मला अजून गंमत वाटते.

'इनकार' वाईट नाही, उलट वेगवान आहे. पण कुरोसावानं जो तास खोलीत घालवला त्यासाठी हिंदी सिनेमाला धीर नव्हता. त्यामुळे तिथे 'पैसे द्यायचे की नाही' हा प्रश्न लवकर आटोपतो आणि 'चोर कसा सापडेल' हा उरतो. दोन्ही पाठोपाठ बघितलेत की त्या तासाची किंमत कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. स्पाइक लीनं २०२५ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टनला घेऊन ही गोष्ट न्यूयॉर्कला नेली, ती सवडीनं बघा. कुरोसावाचाच आणखी गुन्हेपट हवा असेल तर १९४९ चा 'स्ट्रे डॉग' घ्या: पुन्हा मिफुने, पुन्हा उकाडा, आणि हरवलेलं पोलिसाचं पिस्तूल.

दहावी पायरी: दुसऱ्यांदा, फक्त आओकीसाठी

महिन्याभरानं पहिला तास पुन्हा लावा आणि फक्त ड्रायव्हरकडे बघा. युताका सादा हा नट तुम्हाला पहिल्यांदा लक्षातही राहिला नसेल. तो चौकटीत कुठे उभा असतो? बहुतेक वेळा मागे, दाराजवळ, अर्धा कापलेला. त्याच्या मुलाच्या जिवाबद्दल खोलीतले सगळे बोलतायत आणि त्याला कुणी बस म्हणत नाही. सुरुवातीला तो पाया पडतो. नंतर, मालकाचं काय होणार हे कळल्यावर, तोच येऊन म्हणतो की पैसे देऊ नका, माझा पोर हुशार आहे, तो सुटेल. ते खोटं आहे हे त्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यांनाही. ते वाक्य बोलताना तो कुणाकडे बघतो, हे पाहा. मी पाच वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला वाटतं, तो खिडकीकडे बघतोय.

मुलगा परत आल्यावर पोलीस आपल्या पद्धतीनं शोध घेतच असतात, पण आओकी कुणाला न सांगता मालकाची गाडी काढतो, पोराला शेजारी बसवतो आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं निघतो. कुठे ठेवलं होतं तुला? समुद्र कुठल्या बाजूला होता? आठव. पोरगं दमलेलं, भेदरलेलं, आणि बाप त्याला पुन्हा पुन्हा विचारतोय, कारण मालकाचे तीन कोटी फेडण्यासाठी त्याच्याकडे दुसरं काहीच नाही.